थोरल्याची फांदी

"ही डावी बाजू मोकळीच सोडायची का, ताई?" फ्लेक्सवाल्यानं विचारलं. "छापल्यावर भुंडं दिसेल. देवाचा फोटो टाकू का? नाहीतर आप्पांचाच टाकतो, मोठा करून."

त्याच्या कॉम्प्युटरवर आमच्या वडिलांनी, आप्पांनी काढलेली ढाणे घराण्याची वंशावळ उघडली होती. बुंध्याशी मूळपुरुषाचं नाव, वर फांद्या, फांद्यांना नावं. आमचं गाव, बोरवंड, धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ढाणे चारी दिशांना पांगले. कुणी पनवेलला, कुणी इचलकरंजीला, एक घर तर पार बडोद्याला. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर आप्पांनी खांद्याला पिशवी लावली आणि एस.टी.नं हिंडून एकेकाला हुडकून काढलं. इतरांच्या वंशावळीत नुसते बाप्ये असतात. आप्पांनी लेकी घातल्या, त्यांची सासरं घातली, पाळण्यातली पोरं घातली.

फक्त एक फांदी तशीच राहिली होती. त्यांच्या थोरल्या भावाची. 'गणपत' एवढं नाव, आणि पुढं काही नाही.

"तिथं काही घालू नका," माझा धाकटा भाऊ दिलीप म्हणाला. "तिथली माहितीच नाही आमच्याकडं."

आप्पांची पंचाहत्तरी दोन आठवड्यांवर आली होती. जन्मतारीख एक जून, म्हणजे शाळेत घालताना गुरुजींनी ठरवलेली. त्यांना काय द्यावं यावर आमचं रोज फोनवर बोलणं व्हायचं. आधीच्या वर्षी मी दिवा बसवलेलं भिंग दिलं होतं, त्याच्या आधी आवाज मुद्रित करायचं यंत्र. दोन्ही त्यांनी वापरली, पण कपडे देवोत नाहीतर यंत्र, हातात घेताना त्यांचा चेहरा सारखाच असायचा. "कशाला खर्च केलास, शकू." वंशावळीत नवं नाव सापडलं की मात्र ते स्वतः बाजारात जाऊन जिलबी आणायचे.

मी त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले.

"दिलीप, फ्लेक्स राहू दे," मी म्हणाले. "थोरल्या काकांची माणसं शोधून देऊ त्यांना."

"आप्पांना इतक्या वर्षांत सापडली नाहीत, ती तुला दोन आठवड्यांत सापडणार?"

ती दुसऱ्याच दिवशी सापडली.

मी साताऱ्यात एका शाळेत गणित शिकवत होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील जलाशयाच्या बाजूला ग्रामसेवक होते. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती, मी त्यांना घरूनच फोन लावला आणि नाव सांगितलं.

"गणपत ढाणे ना? अहो, ते जाऊन बरीच वर्षं झाली," ते म्हणाले. "बायको आहे की. सोनाबाई. पलीकडच्या काठाला, डोंगराच्या कडेनं वस्ती आहे. मुलगा तानाजी लाँचवर असतो. नंबर देऊ?"

मी नंबर लिहून घेतला. बडोद्याचं घर हुडकणाऱ्या माणसाला पाण्यापलीकडची सख्खी भावजय सापडली नव्हती, हे मला त्या वेळी जरा विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला नुसता आनंद झाला होता, की हे आपल्याला जमलं.

तानाजीला फोन केला तेव्हा मागं इंजिनाचा आवाज येत होता. मी कोण ते त्याला सांगितलं.

"आईला इचारतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. "या म्हनती."

"अजून काही म्हणाल्या?"

"न्हाई. एवढंच."

दिलीपला मी कळवलं. तो म्हणाला, "आप्पांना आधी सांगून ठेव."

"सांगितल्यावर भेट कसली राहिली?"

"भेट राहू दे. त्यांचं वय बघ."

मी हो म्हणाले आणि सांगितलं नाही. मात्र एक जूनला सकाळी धक्क्यावर पोचल्यावर मलाच राहवेना. उन्हाळ्यानं पाणी खूप खाली गेलं होतं. तांबड्या चिखलातून उतरत आम्ही लाँचच्या फळीपाशी आलो. आप्पांना वाटत होतं, मी त्यांना गावावरून, गावाच्या पाण्यावरून फिरवून आणणार आहे. नवा सदरा घातला होता, डोक्याला टोपी, हातात नेहमीची पिशवी.

"आप्पा," मी म्हणाले, "आपण पलीकडं चाललोय. सोनाकाकूंकडं. थोरल्या काकांची माणसं सापडली मला."

मला वाटलं होतं ते माझ्याकडं वळून बघतील. त्यांनी पाण्याकडं पाहिलं.

"तिला सांगितलंयस? मी येतोय म्हणून?"

"हो."

"काय म्हणाली?"

"या म्हणाल्या."

ते फळीपाशी उभे राहिले. मागून दोन बायका डोक्यावर ओझी घेऊन आल्या, त्यांना वाट करून द्यायला बाजूला झाले, पुन्हा तिथंच येऊन उभे राहिले. लाँचवरचा दोरी सोडणारा माणूस चाळिशीच्या आतला, रुंद खांद्यांचा होता. तो आप्पांकडं बघत होता. घाई करा म्हणाला नाही, या म्हणाला नाही.

शेवटी आप्पांनी पिशवी माझ्याकडं दिली आणि फळीवर पाय ठेवला. त्या माणसानं हात पुढं केला. आप्पांनी तो धरला आणि विचारलं, "तू तानाजी?"

"व्हय."

"दादासारखा दिसतोस."

 तानाजीनं त्यांना बाकावर बसवलं आणि इंजिनाकडं गेला.

वाटेत मी आप्पांना विचारत होते, आपलं घर कुठं होतं, देऊळ कुठं, शाळा कुठं. एरवी हे विचारलं की ते थांबायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मला वाटलं, भरून आलंय. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि स्वतःवर खूश झाले.

काठावरून चढण होती. वर दोन पत्र्याची घरं, पुढं सारवलेलं अंगण, कडेला फणस. अंगणात एक लहानशी म्हातारी उभी होती. पांढरं पातळ, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा जाड चष्मा. आप्पा वाकून तिच्या पाया पडले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, मला ते बघायला बरं वाटलं. तिनं पाय मागं घेतले नाहीत, की डोक्यावर हातही ठेवला नाही.

"बसा, भावजी," ती म्हणाली.

घोंगडं अंगणातच टाकलेलं होतं. तिची सून पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली. आप्पा पाणी प्यायले नाहीत, तांब्या हातात धरून बसले. मग मीच बोलायला लागले. आप्पांची पंचाहत्तरी आहे, त्यांनी केवढं काम केलंय, सगळ्या ढाण्यांची नावं कशी गोळा केलीत, आणि एकच फांदी कशी राहिलीय. पिशवीतून मी वंशावळीची घडी काढून घोंगड्यावर पसरली.

"काकू, इथं तुमची माणसं घालायचीत," मी म्हणाले. "तुम्हाला मुलं किती? तानाजीदादा एकटेच?"

काकूनं कागदाकडं पाहिलं नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"तू कितवी?"

"पहिली. माझ्यामागं दिलीप."

"म्हंजे तूच ती," ती म्हणाली. मग आप्पांकडं वळली. "हिला सांगितलं न्हाई?"

"नाही."

"हिच्या आईला?"

"तिलाही नाही. ती गेली, वहिनी. तीन वर्षं झाली."

काकूनं पदर सारखा केला. "मग आता तुमी सांगा. माझ्या तोंडानं नगं."

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं न बघता, पाण्याच्या बाजूला तोंड करून ते बोलले. वर्गात धडा सांगताना त्यांचा आवाज असायचा, तसाच अगदी स्वच्छ होता.

"गाव उठायचं ठरलं तेव्हा दादा म्हणत होता, वर डोंगरात जाऊ. थोडी जमीन आहे, भागेल. मी म्हणालो, नको, सरकारनं माळावर जमीन दिलीय तिथं जा. कालवा येणार आहे, गहू-ऊस होईल, पोरी शिकतील. आलेले कागद मी त्याला वाचून दाखवले. त्याला वाचता येत नव्हतं. धाकटा शिकलाय, तो म्हणतो ते खरं, असं म्हणून तो गेला. मी गेलो नाही. मला साताऱ्यात नोकरी लागली होती."

"कालवा?" मी विचारलं.

"आला. वीस वर्षांनी," ते म्हणाले. "माळावर पत्र्याच्या शेडी होत्या. झाड नाही. पाणी टँकरचं, नाहीतर एका डबक्याचं. पहिल्याच उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. दादाच्या दोन पोरी होत्या. दोघीही पडल्या. त्यांना घेऊन दादा आणि वहिनी एस.टी.नं साताऱ्याला आले, थेट आपल्या दारात. आत्ताच्याच घराच्या, शकू. तेव्हा भाड्यानं होतं. तुझी आई आत बाळंतीण होती. तुझं बारसंही व्हायचं होतं."

 काकू वाट बघत होती.

"मी म्हणालो, दादा, घरात कोवळं पोर आहे. आत नको. सरकारी दवाखान्यात न्या, मी मागनं येतो. आणि दार लावलं."

"लावलं न्हवतं," काकू म्हणाली. "अर्धं उघडं हुतं. आतनं हिचा रडायचा आवाज येत हुता."

मी त्या अंगणात बसले होते आणि माझे हात त्या कागदावर होते. ते उचलून कुठं ठेवावेत मला कळेना.

"तुझी आई विचारत होती, कोण आलंय," आप्पा म्हणाले. "मी म्हणालो, कुणी नाही. तिच्यासाठी पाणी तापवलं. मग निघालो. दवाखान्यात गेलो तर ते तिथं नव्हते."

"आमाला वाट ठावी न्हवती," काकू म्हणाली. तिनं हे सगळं इतक्या साधेपणानं सांगितलं, की ते दुसऱ्याच कुणाचं वाटावं. "इचारत इचारत फिरलो. मग उनात स्टँडवर येऊन बसलो. थोरली मंजुळा तितंच गेली. धाकटीला घिऊन परत माळावर आलो. ती दोन दिस हुती."

"मी माळावर गेलो," आप्पा म्हणाले. "दादा शेडच्या बाहेर आला. म्हणाला, तुझ्या घरात कोवळं पोर आहे, साथीत कशाला आलास, परत जा. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो काळजीनंच म्हणत होता."

त्यानंतर थोरले काका आणि काकू माळ सोडून परत डोंगरात आले, पाण्याच्या वर ही वस्ती केली. तानाजी इथंच जन्मला. आप्पांना सगळं ठाऊक होतं. कोणत्या काठाला, कितवं घर, काका कधी वारले, सगळं. बाकीच्या साऱ्या ढाण्यांना ते हुडकत गेले आणि ह्या एका घराचा शोध चालू आहे असं आम्हाला सांगत राहिले.

"वहिनी," आप्पा म्हणाले, "मी माफी मागायला आलेलो नाही. हिनं आणलं म्हणून आलो. एरवी आलोच नसतो."

"मागू बी नका. मला देता यायची न्हाई." काकूनं पदरानं चष्मा पुसला. "पर ह्या कागदावर लेकीबी लिवता म्हनं तुमी."

"लिहितो."

"मग माझ्या लिवा."

आप्पांनी खिशातलं पेन काढलं. 'मंजुळा' लिहिलं. मग पेन तसंच वर धरून थांबले. ढाण्यांच्या सात पिढ्या त्यांना तोंडपाठ होत्या.

"धाकटीला आपण चिमी म्हणायचो," ते म्हणाले. "पाळण्यातलं नाव..."

"रुक्मिनी," काकू म्हणाली. "तुमीच सुचवलं हुतं."

त्यांनी ते लिहिलं. मास्तर माणूस, अक्षर मोत्यासारखं. पण त्या दोन नावांची अक्षरं वेडीवाकडी आली. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि फणसाखाली जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. तानाजी त्यांच्या मागं गेला. दोघं तिथंच उभे होते.

काकू माझ्याजवळ सरकली. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल आणि ते मला सोसणार नाही. तिनं माझ्या बांगड्या सारख्या केल्या.

"तुझं वय मला कायम ठावं असायचं," ती म्हणाली. "ही आता शाळंत गेली आसंल. आता हिचं लगीन झालं आसंल. पोरींचं वय मोजायला जीव व्हायचा न्हाई, म्हनून तुझं मोजायची. पोरंबाळं हायत?"

"एक मुलगी."

"निरोगी हाय?"

"हो."

"आसू दे," ती म्हणाली.

जेवायला नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आप्पांनी अर्धी भाकरी खाल्ली. मला घास गिळेना, पण ताटात टाकणं त्याहून वाईट झालं असतं, म्हणून मी पाण्याबरोबर उतरवला. निघताना काकूनं सुनेला हाक मारली. "हिची वटी भर. माझ्या हातची चालत न्हाई. लेक हाय घरची, मोकळी कशी जाईल?"

सुनेनं माझ्या पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, खण ठेवला. ज्या मुलींची ओटी त्या घरात कधी भरली गेली नाही, त्यांच्या वाटणीचं सगळं माझ्या पदरात पडतंय असं मला वाटत होतं, आणि पदर धरून मी मान खाली घालून उभी होते.

परतीच्या लाँचवर आप्पा म्हणाले, "शकू, ह्यात तुझा काही दोष नाही. तू तान्ही होतीस."

"माहीत आहे," मी म्हणाले.

मला ते माहीत होतंच. दिलीपनंही रात्री फोनवर तेच सांगितलं, माझ्या नवऱ्यानंही. सगळे समजूतदारपणे बोलत होते आणि मी सगळ्यांना हो म्हणत होते. त्या संध्याकाळी आप्पांना त्यांच्या घरी सोडताना मी दार उघडायला गेले आणि उंबऱ्यावरून पाय आत टाकायला मला जड गेलं. त्या दारातून मी हजारदा आत-बाहेर केलं होतं.

पुढच्या पंधरवड्यात एकदा आप्पा सकाळीच कुठंतरी निघून गेले. दिलीप शोधाशोध करत सुटला. संध्याकाळी ते आले तेव्हा त्यांच्या पायांना तांबडा चिखल होता.

"वहिनींकडं गेलो होतो," ते म्हणाले.

"काय बोललात?"

"काही नाही. अंगणात बसलो. तिनं भाकरी दिली, खाल्ली, आलो."

मग ते जायला लागले. पाऊस जोरात असला की लाँच बंद असायची, तेवढे महिने सोडून. किती दिवस काकू त्यांना अंगणातच बसवत होती. एका हिवाळ्यात वारं फार होतं, तेव्हा तिनं आत बोलावलं. ते त्यांनी मला घरी आल्या आल्या सांगितलं. माझी नातवंडं, तुमची नातवंडं असं काहीबाही ती दोघं बोलू लागली होती. वंशावळ पूर्ण झाली असं मात्र आप्पा कधी म्हणाले नाहीत. भिंतीवर लावू द्यायलाही ते तयार नव्हते.

प्रत्येक वेळी परत आल्यावर सांगायचे, "वहिनी विचारत होती, ती का येत नाही."

"परीक्षा आहेत," मी म्हणायचे. किंवा पेपर तपासायचेत. किंवा मुलीला बरं नाही. हे शेवटचं कारण मी एकदाच दिलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. ज्यांच्या हातून घडलं होतं, ते पाण्यापलीकडं जाऊन बसू शकत होते. मला काही केल्या जमत नव्हतं. धक्क्यापर्यंत एकदा गेले. तानाजीनं लांबून ओळखून हात केला. मी त्याच्याजवळ लोणच्याची बरणी आणि काकूसाठी लुगडं दिलं, आणि परत फिरले.

आप्पा एक्क्याऐंशीव्या वर्षी झोपेतच गेले. तानाजी आला होता, खांदा त्यानं दिला. दहाव्याला माणसांची गर्दी होती. बडोद्याची, इचलकरंजीची, ज्यांना ज्यांना त्यांनी जोडलं होतं ती सगळी. चौदाव्यानंतर घर रिकामं झालं. मी आप्पांचे कपडे आवरत होते, तेव्हा बाहेर कुणीतरी खाकरल्याचा आवाज आला.

दार उघडंच होतं. उंबऱ्यापलीकडं काकू उभी होती. हातात पिशवी, चपला काढलेल्या, मागं रस्त्याच्या कडेला तानाजी रिक्षावाल्याशी बोलत होता. तिनं कडीला हात लावला नव्हता, हाकही मारली नव्हती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"काकू," मी म्हणाले. "तुम्ही? इतक्या लांब?"

"तू येईनास," ती म्हणाली. "म्हनून मीच आले."

 ती तशीच थांबली होती. मग माझ्या ध्यानात आलं की ती कशासाठी थांबलीय. मी पुढं झाले, तिची पिशवी घेतली, हाताला धरून तिला आत आणलं.  ती सरळ स्वयंपाकघरापर्यंत चालत आली, भिंतीला टेकून खाली बसली, आणि इकडंतिकडं बघून म्हणाली,

"च्या टाक. साखर थोडी."